जिज्ञासा : लंडनच्या पोटातील मिथ्रासचे देवालय

(मागील एका अंकात रोमन काळातील लंडनचा, म्हणजे लोंडिनियमचा, उल्लेख करताना तेथील मिथ्रासच्या, म्हणजे रोमन साम्राज्यात एका गूढ पंथाने पुजलेल्या देवाच्या, देवालयाविषयी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळींवर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.)

*प्रश्न : मुलीकडे लंडनला गेलो असताना एका मोठ्या कचेरीच्या इमारतीखाली, जिने उतरून, हे देवालय आम्ही पाहिले. अंधार, धूसर प्रकाश, कुजबुजणारे आवाज असा सगळा थाट होता. बाहेर आल्यावर मात्र शंका आली की आपण पाहिले ते खरे अवशेष होते की देखावा? (एक वाचक, पुणे)*

उत्तर : आपण पाहिलेले दगड आणि विटा बव्हंशी खऱ्या आहेत. त्यांची मांडणी मात्र दुसऱ्यांदा केलेली आहे, आणि प्रकाश व आवाज हे आजचे आहेत. हे असे का झाले ते समजून घेण्यासाठी १९५४ सालापर्यंत मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांनी लंडनच्या जुन्या शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला होता. तेथे नव्या इमारती उभ्या राहण्यापूर्वी खालची जमीन तपासून घेण्याची संधी पुरातत्त्वज्ञांना मिळाली. वॉलब्रुक नावाचा एक ओढा रोमन शहराच्या मधून वाहत असे आणि पुढे तो बुजवला गेला. त्या ओढ्याचे पात्र नेमके कोठून जात होते हे पाहण्यासाठी डब्ल्यू. एफ. ग्राइम्स आणि त्यांच्या सहकारी ऑड्री विल्यम्स यांनी खणायला घेतले होते. देवालय शोधण्याचा त्यांचा मुळीच हेतू नव्हता. खणताना एका टोकाला अर्धवर्तुळाकार भिंत असलेली लांबट वास्तू उघडी पडत गेली. उत्खननाच्या ठरलेल्या मुदतीच्या अखेरच्या दिवशी, शनिवार, १८ सप्टेंबर १९५४ रोजी, मातीतून संगमरवरी मस्तक वर आले. तरुण चेहरा, दाट कुरळे केस आणि पुढे झुकलेल्या टोकाची मऊ टोपी. ही टोपी ज्याने रोमन शिल्पे पाहिली आहेत त्याला ओळखू येते. ते मस्तक मिथ्रासचे होते.

दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र छापून आले आणि पुढच्या दोन आठवड्यांत सुमारे चार लाख माणसे रांगा लावून तो खड्डा पाहून गेली. युद्धात होरपळलेल्या आणि नुकत्याच शिधावाटपातून सुटलेल्या शहराला त्या खड्ड्यात काय दिसले असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. अवशेष जागीच राखावेत की ठरलेली इमारत उभारावी, हा प्रश्न चर्चिल यांच्या मंत्रिमंडळापुढेही गेला. तोडगा निघाला तो असा की इमारत ठरल्या जागी उभी राहावी आणि देवालयाचे दगड काढून दुसरीकडे रचावेत. त्याप्रमाणे १९६२ मध्ये जवळच, सुमारे शंभर मीटरवर, क्वीन व्हिक्टोरिया रस्त्यालगत उघड्यावर ते रचले गेले. ही रचना फार सदोष होती. मुळात जमिनीत खाली असलेले देवालय रस्त्याच्या पातळीवर आले, आतली जमीन वेड्यावाकड्या फरशांची झाली आणि दगड सिमेंटमध्ये बसवले गेले. स्वतः ग्राइम्स यांनी या पुनर्रचनेवर नापसंती व्यक्त केली होती, आणि जुनी छायाचित्रे पाहिली तर ती योग्यच वाटते. उद्यानातील कोरड्या हौदासारखे ते दिसत असे.

पुढे ब्लूमबर्ग कंपनीने देवालयाची मूळ जागा घेतल्यावर २०१० ते २०१४ या काळात पुन्हा मोठे उत्खनन झाले, सिमेंटातील दगड सुटे केले गेले आणि १९५४ च्या नोंदी व छायाचित्रे समोर ठेवून देवालय पुन्हा उभारले गेले. नोव्हेंबर २०१७ पासून ते लोकांसाठी खुले आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. आजच्या रस्त्याखाली सुमारे सात मीटरवर, म्हणजे रोमन काळातील पातळीवर, मूळ जागेच्या अगदी जवळ ते आहे. तेव्हा आपण फसला नाहीत. देखावा म्हणावा तर तो धूर आणि ध्वनी एवढ्यापुरताच होता. मात्र मिणमिणत्या उजेडात, बंद जागेत बसण्याचा अनुभव मिथ्रासच्या पंथाला नवा नव्हता, हेही लक्षात ठेवावे.

*प्रश्न : देवालयाची रचना कशी होती? रोमन देवळे तर उंच जोत्यावर, खांबांच्या दर्शनी भागासह असतात ना? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)*

उत्तर : अगदी बरोबर, आणि म्हणूनच मिथ्रासचे देवालय चटकन वेगळे ओळखू येते. रोमन शहरातील नेहमीच्या देवळात पूजाविधी बाहेरच्या वेदीवर, चारचौघांसमोर होत असे. मिथ्रासच्या देवालयात सगळे आत, दाराआड होई. प्राचीन लेखक पॉर्फिरी सांगतो की ही जागा गुहेचे, आणि गुहा ही विश्वाची, प्रतीक मानली जाई. आपल्याकडे डोंगर कोरून लेणी झाली. सपाट शहरात डोंगर कोठून आणणार? म्हणून तेथे जमीन खोल करून, खिडक्या टाळून किंवा एखाद्या घराचे तळघर वापरून गुहा निर्माण केली जाई.

लंडनचे देवालय इसवी सन २४० च्या सुमारास बांधले गेले. लांबी साधारण १८ मीटर आणि रुंदी ८ मीटर, म्हणजे आपल्याकडील गावच्या देवळाचा सभामंडप डोळ्यांपुढे आणावा. पूर्वेकडून आत शिरून पायऱ्या उतरायच्या. मध्ये अरुंद, खोलगट पट्टा, दोन्ही बाजूंना उंच ओटे, ओट्यांच्या कडेने प्रत्येकी सात खांब आणि पश्चिमेच्या टोकाला अर्धवर्तुळाकार कोनाडा, जेथे मुख्य प्रतिमा असे. एका कोपऱ्यात विहीरही सापडली. सात खांब आणि पंथातील दीक्षेच्या सात पायऱ्या यांचा संबंध अनेकांनी जोडला आहे. तो मोहक आहे, पण खांबांच्या संख्येला बांधकामाची साधी कारणेही असू शकतात.

ओढ्याकाठची जमीन ओलसर असल्याने मधल्या पट्ट्यातील जमीन पुनःपुन्हा भर घालून उंचावली गेली, इतकी की शेवटी ओटे आणि मधला पट्टा जवळजवळ एका पातळीवर आले. या ओलीने तेव्हाच्या भक्तांना जेवढा त्रास दिला तेवढाच आजच्या संशोधकांचा लाभ झाला. हवा न लागलेल्या चिखलात लाकूड आणि चामडे टिकले. नव्या उत्खननात देवालयाच्या परिसरातून चौदा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्यांत लाकडी लेखनपाट्या ४०५ आहेत. एका पाटीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख असून ती पैशाच्या देण्याची कबुली आहे. या पाट्या देवालयाच्या कितीतरी आधीच्या आहेत आणि मिथ्रासशी त्यांचा संबंध नाही, परंतु ज्या शहरात पुढे हे देवालय आले ते मुळात व्यापाऱ्यांचे आणि देण्याघेण्याचे शहर होते हे त्या सांगतात.

*प्रश्न : मिथ्रास म्हणजे आपल्या ऋग्वेदातील मित्रच नव्हे काय? पारशी बांधवांच्या दर-ए-मेहेरमधील मेहेरही तोच ना? मग वैदिक देव लंडनपर्यंत पोहोचला असे का म्हणू नये? (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)*

उत्तर : नाव तेच आहे, याबद्दल शंका नाही. देव तोच आहे का, हा प्रश्न पुष्कळ अवघड आहे, आणि या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळेच या विषयावर भरमसाट लिहिले जाते.

जे निश्चित आहे ते आधी सांगतो. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात पश्चिम आशियातील हित्ती आणि मितान्नी या राज्यांत झालेल्या तहात साक्षी देव म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावे आहेत. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकोणसाठावे सूक्त मित्राचे आहे आणि त्याचा आरंभच ‘मित्रो जनान्यातयति ब्रुवाणो’ असा होतो. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील मिहिर यश्त या स्तोत्रात मिथ्र हा करार पाळला जातो की नाही यावर हजार कानांनी आणि दहा हजार डोळ्यांनी लक्ष ठेवणारा देव आहे. या इराणी नावाचे पुढचे रूप मिहिर किंवा मेहेर. ते संस्कृतातही सूर्यवाचक शब्द म्हणून आले आणि वराहमिहिराच्या नावात आपण ते रोज उच्चारतो. मुंबईतील अग्यारीला दर-ए-मेहेर म्हणतात तोही हाच मेहेर.

आता अडचण पाहा. रोमन मिथ्रासची एकमेव अविभाज्य प्रतिमा म्हणजे बैलाला मारणारा तरुण. गुडघ्याने बैलाला दाबून, त्याची नाकपुडी मागे ओढून तो खांद्यात सुरा खुपसतो आणि त्याच वेळी मान वळवून दुसरीकडे पाहतो. खाली कुत्रा आणि साप रक्ताकडे झेपावतात, विंचू बैलाच्या वृषणांना डसतो, वर कावळा असतो, बाजूला दोन सोबती, मशाल उंचावलेला कौटेस आणि मशाल खाली धरलेला कौटोपाटेस. ही कथा ना ऋग्वेदात आहे ना अवेस्तात. जरथुश्त्री परंपरेत आद्य बैलाचा वध होतो, पण तो दुष्ट शक्ती करते, मिथ्र नव्हे. भूमिगत देवालये, सात पायऱ्यांची दीक्षा, ओट्यांवर बसून सहभोजन, यांपैकी काहीही इराणात आढळत नाही. त्यातही काळाची फट आहे. रोमन पंथाचे पुरावे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस एकदम दिसू लागतात, आणि तेही रोम, ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या काठी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेल्जियन विद्वान फ्रान्झ क्यूमों यांनी सर्व शिल्पे आणि लेख एकत्र करून हा पंथ इराणातून सरकत पश्चिमेला आला असे मांडले, आणि पाऊणशे वर्षे ते मत जवळजवळ प्रमाण मानले गेले. १९७१ मध्ये मँचेस्टरला भरलेल्या परिषदेत त्याला जोरदार आव्हान मिळाले. तेव्हापासून बहुतेक अभ्यासकांचा कल असा आहे की नाव आणि काही पौर्वात्य वलय घेऊन हा पंथ रोमन जगातच घडला. बैलवधाच्या देखाव्यातील प्राणी म्हणजे आकाशातील नक्षत्रसमूह आहेत, असेही अनेकांनी मांडले आहे. लंडनला मिळालेल्या बैलवधाच्या शिल्पपटाभोवती राशिचक्र कोरलेले असल्याने त्या मताला बळ मिळते, पण सगळे कोडे त्याने सुटत नाही.

माझे मत विचाराल तर वैदिक देव लंडनला पोहोचला असे म्हणू नये. मात्र एक धागा आपणांस आवडेल. रोमच्या आणि सीरियातील दूरा-युरोपोसच्या मिथ्रास-देवालयांतील भिंतींवर ‘नामा’ असा जयजयकाराचा शब्द पुनःपुन्हा लिहिलेला आढळतो. तो लॅटिन नव्हे, ग्रीकही नव्हे. तो इराणी आहे, आणि आपल्या ‘नमः’चा सख्खा भाऊ आहे. तो लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याचा अर्थ माहीत होता की मंत्र म्हणून ते तो उच्चारत होते, हे भिंती सांगत नाहीत.

*प्रश्न : देवालयात खरोखर बैल मारत असत का? (एक वाचक, सोलापूर)*

उत्तर : नाही, असेच पुराव्यावरून दिसते. आठ मीटर रुंदीच्या, ओट्यांनी अडवलेल्या खोलीत बैल आणून त्याचा बळी देणे कसे शक्य होते, याची कल्पनाच करून पाहावी. बैलाच्या रक्ताने न्हाऊन निघण्याचे जे वर्णन वाचनात येते ते सिबेली या देवीच्या पंथाचे आहे आणि नकळत मिथ्रासच्या माथी मारले गेले आहे. उत्खननांत हाडे सापडतात ती मुख्यतः कोंबड्यांची आणि डुकराच्या पिलांची. बेल्जियममधील टीनन येथे तिसऱ्या शतकातील एका मोठ्या भोजनाचे उष्टेखरकटे खड्ड्यांत पुरलेले मिळाले. त्यात कोंबड्यांच्या हाडांचा खच होता. देव बैल मारतो आणि भक्त कोंबडी खातात, हे ऐकून कोकणातल्या किंवा घाटावरच्या जत्रा पाहिलेल्या वाचकांना फारसा धक्का बसणार नाही.

*प्रश्न : हा पंथ सैनिकांचा होता म्हणतात. लंडन तर व्यापारी शहर. मग तेथे भक्त कोण होते? स्त्रियांना प्रवेश होता का? (एक वाचिका, नाशिक)*

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : शेकडो शिलालेखांत दीक्षित म्हणून स्त्री आढळत नाही, त्यामुळे प्रवेश नव्हता असेच मानले जाते.

सैनिकांचा पंथ हे अर्धसत्य आहे. उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवरील कॅरॉबरो येथील लहानसे देवालय उघडच छावणीतील सैनिकांचे आहे. पण जकात वसूल करणारे कारकून, मुक्त झालेले गुलाम, व्यापारी हेही तितकेच मोठ्या संख्येने दिसतात. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे नसून नोरिकम प्रांताच्या राजधानीचे, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियातील विरूनमचे आहे. तेथे सापडलेल्या कांस्यपत्रावर पंथाच्या सदस्यांची नावे वर्षानुवर्षे भर घालून कोरलेली असून एकूण ९८ नावे आहेत. इसवी सन १८४ मध्ये मृत्यूंमुळे सदस्य एकत्र जमले अशीही नोंद त्यात आहे. बहुधा ती त्या काळी साम्राज्यभर पसरलेल्या साथीची छाया असावी. मृतांच्या नावांपुढे मृत्यूदर्शक खूण केलेली आहे. हे पत्र वाचताना गूढ पंथाचा विचार मागे पडतो आणि आपल्या भजनी मंडळाची किंवा भिशीची वही उघडल्यासारखे वाटते.

लंडनच्या भक्तांपैकी एकाचेच नाव ठामपणे हाती लागते. १८८९ मध्ये, म्हणजे देवालय सापडण्याच्या ६५ वर्षे आधी, वॉलब्रुकच्या परिसरात बैलवधाचा एक लहान शिल्पपट मिळाला होता. त्यावरील लेखाचा आशय असा : दुसऱ्या ऑगस्टा लीजनमधून, म्हणजे रोमन सैन्यदलातून, निवृत्त झालेल्या उल्पियस सिल्वानस याने नवस फेडला. आपल्या देवळांतील पायऱ्यांवर आणि घंटांवर जे वाचायला मिळते तेच हे. त्यापुढे दोन शब्द आहेत, ‘फाक्टुस अराउसिओने’, म्हणजे ‘अराउसिओ येथे केला गेलेला’. अराउसिओ म्हणजे दक्षिण फ्रान्समधील आजचे ऑरेंज शहर. पण ‘केला गेलेला’ म्हणजे काय केला गेलेला? सैन्यात भरती केलेला, की पंथाची दीक्षा दिलेला? दोन्ही अर्थ निघतात आणि विद्वान अजून वाद घालतात. एका क्रियापदावर एका माणसाचे अर्धे चरित्र अडले आहे.

पंथातील सात पायऱ्या ख्रिस्ती लेखक संत जेरोम याच्या एका पत्रामुळे कळतात : कावळा, वर, सैनिक, सिंह, पर्शियन, सूर्यदूत आणि पिता. रोमजवळच्या ऑस्टिया बंदरातील एका देवालयाच्या जमिनीवर या पायऱ्यांची चिन्हे काळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या जडावात दाखवलेली आहेत. लंडनमध्ये असे काही मिळालेले नाही.

*प्रश्न : २५ डिसेंबर हा मूळ मिथ्रासचा जन्मदिवस होता हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)*

उत्तर : असा एकही प्राचीन पुरावा नाही. इसवी सन ३५४ च्या एका रोमन पंचांगात त्या तारखेला ‘अजिंक्याचा जन्म’ अशी नोंद आहे, ती सोल इन्विक्टुस या सूर्यदेवाची समजली जाते. मिथ्रासलाही अजिंक्य सूर्य म्हणत असल्याने दोघांची गल्लत झाली. मिथ्रास शिल्पांत खडकातून जन्मताना दिसतो. तारीख कोणी कोरून ठेवलेली नाही.

*प्रश्न : देवालयाचा शेवट कसा झाला? ख्रिस्ती लोकांनी मूर्ती फोडल्या असे वाचले होते. (एक वाचक, औरंगाबाद)*

उत्तर : काही ठिकाणी तसे घडले. रोमचा नगरप्रमुख ग्रॅकस याने मिथ्रासची गुहा उद्ध्वस्त केल्याचे जेरोम कौतुकाने लिहितो, आणि आजच्या फ्रान्समधील सारबूर येथील भव्य शिल्पपटाचे शेकडो तुकडे झालेले मिळाले. पण लंडनची हकिकत इतकी सरळ नाही.

चौथ्या शतकाच्या आरंभी येथील मिथ्रास, मिनर्व्हा ही रोमन देवी आणि सेरापिस यांची संगमरवरी मस्तके जमिनीत खड्डे खणून पुरण्यात आली. सेरापिस हा इजिप्तकडून आलेला देव. त्याच्या डोक्यावर धान्य मोजण्याचे माप असते, आपली पायलीच म्हणा ना. मिथ्रासच्या देवालयात इतर देवांना स्थान होते हे यावरून कळते, आणि तो पंथ इतरांना नाकारणारा नव्हता हेही. सुरा धरलेला मोठा संगमरवरी हातही मिळाला आहे. मस्तकांच्या पुरण्यात तोडफोडीपेक्षा काळजी अधिक दिसते. परचक्राच्या भयाने आपल्याकडे मूर्ती विहिरीत सोडल्याच्या आठवणी गावोगाव सांगितल्या जातात, म्हणून भक्तांनीच त्या लपवल्या हे स्पष्टीकरण आपल्याला लगेच पटते. पण ते पटते म्हणून खरे ठरत नाही. त्याच सुमारास इमारतीची डागडुजी होऊन खांब काढले गेले होते. जुन्या किंवा भंगलेल्या प्रतिमा नव्या जमिनीखाली विधिपूर्वक ठेवल्या गेल्या असतील, असाही अर्थ निघतो.

खरी गंमत यापुढे आहे. मूर्ती पुरल्यावरही ही वास्तू ओस पडली नाही, ती देवालय म्हणूनच वापरात राहिली. वरच्या थरांतून बॅकस या मद्यदेवाचा, त्याच्या साथीदारांसह कोरलेला लहान संगमरवरी समूह मिळाला. त्यावरून मिथ्रासनंतर येथे बॅकसची पूजा होत असावी असे मत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्खननाच्या संपूर्ण अहवालात मांडले गेले. (खणल्यापासून ४४ वर्षांनी अहवाल! ग्राइम्स तोवर हयातही नव्हते.) सगळ्यांना ते मत मान्य नाही, परंतु ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाल्यानंतरच्या काळातही लंडनच्या मध्यभागी जुन्या देवांचे एक दार उघडे होते, एवढे तरी त्यातून दिसते.

त्या बॅकसच्या समूहाखाली तीन शब्द कोरलेले आहेत : ‘होमिनिबुस बागिस बिताम’. शुद्ध लॅटिनमध्ये ते ‘वागिस विताम’ असायला हवे होते. उत्तरकालीन बोलीत व आणि ब यांची अदलाबदल होत असे, जशी संस्कृत ‘वना’चे मराठीत ‘बन’ होताना झाली. कोरणाऱ्याने जसे ऐकले आणि बोलले तसेच कोरले. अर्थ असा : ‘भटकणाऱ्या माणसांना जीवन’.